बाबांची पाठदुखी, शुगर आणि मणक्याचा टीबी: अनुभव आणि काही प्रश्न

पानगळ

बाबा ६४ वर्षांचे. मधुमेह १५ वर्षांचा, दोन गोळ्यांवर बरा आटोक्यात. उपाशीपोटीची शुगर १३०-१४०, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) ७.४. आमच्या मते सगळं ठीकच चाललं होतं.

गेल्या वर्षी पायांना मुंग्या सुरू झाल्या. शुगरवाल्यांना होतंच, असं आम्हीच म्हणालो, डॉक्टरही तेच म्हणाले. नसांच्या कॅप्सूल झाल्या, बी१२ ची इंजेक्शनं झाली. मग वजन उतरायला लागलं, चार महिन्यांत सहा किलो. घरात त्याचं कौतुकच झालं, बाबा नेमाने फिरायला जातात त्याचं फळ म्हणून. पाठ दुखायची ती वयाच्या खात्यावर. रात्री कूस बदलताना कण्हायचे ते गादीच्या खात्यावर. गादी बदलून झाली.

मध्यरात्री बनियन घामाने भिजायची. मी ग्लुकोमीटर घेऊन धावायचे, शुगर उतरली की काय म्हणून. आकडा दरवेळी १६०-१७०. 'हुश्श, उतरलेली नाही' म्हणून आम्ही दिवा मालवून झोपायचो. शुगर उतरलेली नाही तर मग घाम कशाचा, हा प्रश्न महिनाभरात मला एकदाही पडला नाही.

खोकला नाही. एक दिवससुद्धा नाही.

एकदा दारातून आत येताना चप्पल पायातून निसटून मागे राहिली आणि त्यांना कळलंच नाही. हेही शुगरचंच. पंधरा दिवसांनी जिना चढताना पाय काठीसारखे ताठ व्हायला लागले, लघवी धरवेना. दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी गुडघ्यावर हातोडी मारली तर पाय असा उडाला की त्यांनी पुढचं काही न विचारता एमआरआय लिहून दिला. पाठीचा नववा आणि दहावा मणका पोखरलेला, मधली चकती गेलेली, बाजूला पू साठलेला, मज्जारज्जूवर दाब.

सुई घालून तुकडा काढला. तो आख्खाच्या आख्खा जंतू मारणाऱ्या फॉर्मलिनमध्ये गेला, त्यामुळे 'टीबीसारख्या गाठी दिसतात' एवढंच कळलं. जंतू कुठल्या औषधाला दाद देतात ते कळायला पुन्हा सुई घालावी लागली. त्यावर मी अजून चिडलेली आहे.

आता उपचारांचा दुसरा महिना. प्रश्न असे: मधुमेहामुळे टीबी झाला का? टीबीच्या गोळ्या सुरू झाल्यापासून शुगर ३०० च्या खाली का येत नाही? घरात चार वर्षांची भाची आहे, तिला धोका किती?

अर्धविराम

वाचून काटा आला. आमच्याकडेही सगळं शुगरवरच ढकलायची पद्धत आहे. जाणकारांच्या प्रतीक्षेत.

तिसरी_घंटा

मधुमेहामुळेच झाला, यात शंका कसली? रक्तात साखर म्हणजे जंतूंना आयतं खाद्य. रक्त सगळीकडे फिरतं, जंतूही फिरतात. म्हणून मधुमेह्यांना टीबी फुप्फुसात न राहता अंगभर पसरतो. साधं गणित आहे.

स्टेथोस्कोप

तिसरी घंटा, गणित साधं आहे पण उत्तर चुकलंय. आणि ही चूक वैद्यकातली बरीच मंडळीही करतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मधुमेह असला की टीबी होण्याचा धोका साधारण दोन ते तीन पट वाढतो, हे अनेक देशांतल्या अभ्यासांवरून पक्कं झालंय. पण ही वाढ मुख्यतः फुप्फुसाच्या टीबीची आहे. हाँगकाँगमध्ये ६५ वर्षांवरच्या ४२,००० हून अधिक लोकांवर लक्ष ठेवून केलेला एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. ज्यांचं एचबीएवनसी ७ च्या वर होतं त्यांच्यात फुप्फुसाचा टीबी तिपटीहून जास्त आढळला. फुप्फुसाबाहेरचा मात्र वाढलेला दिसला नाही. इतर ठिकाणीही टीबीच्या रुग्णांमध्ये मधुमेही आणि बिगरमधुमेही वेगळे काढले, तर मधुमेह्यांत फुप्फुसाबाहेरच्या टीबीचं प्रमाण कुठे सारखं भरतं, कुठे कमीच भरतं.

असं का, याचा एक पटण्याजोगा खुलासा असा. टीबीचा जंतू श्वासातून फुप्फुसात शिरतो. तिथे भक्षक पेशी त्याला गिळतात आणि जवळच्या लसिकाग्रंथींत जाऊन 'घुसखोर आलाय' अशी वर्दी देतात. मग टी पेशी, म्हणजे शरीराची लढाऊ फौज, तयार होऊन येतात. शुगर सतत जास्त असली की भक्षक पेशी मंदावतात आणि वर्दी उशिरा पोहोचते. उंदरांवरच्या प्रयोगांत हा उशीर स्पष्ट दिसलाय. तोवर फुप्फुसात जंतूंची संख्या वाढून बसते. मग जी फौज येते ती मात्र गरजेपेक्षा जास्त तावातावाने येते आणि फुप्फुसाचीच नासधूस करते. म्हणून मधुमेह्यांच्या एक्स-रेत पोकळ्या जास्त दिसतात, त्याही पुष्कळदा नेहमीच्या वरच्या भागाऐवजी खालच्या भागात. एचआयव्हीत गोष्ट उलटी: तिथे टी पेशींची फौजच खलास होते, जंतूंना अडवणारं कोणी उरत नाही, म्हणून टीबी शरीरभर जातो. मधुमेहात फौज आहे, पण उशिरा येते आणि येऊन घरच मोडते.

तेव्हा पानगळ, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: वडिलांना टीबी होण्यात मधुमेहाचा हात असूही शकेल, पण तो मणक्यातच जाऊन बसला याचं खापर मधुमेहावर फोडता येणार नाही. मधुमेहाने केलेलं नुकसान तुम्ही स्वतःच पहिल्या पाच परिच्छेदांत लिहिलंय. त्याने प्रत्येक लक्षणाला आयतं कारण पुरवलं. मुंग्या, वजन, घाम, चप्पल.

पानगळ

शेवटचं वाक्य वाचून थोडा वेळ फोन बाजूला ठेवला होता.

स्टेथोस्कोप

तुम्हाला बोल लावायचा नव्हता. डॉक्टरांनीही तेच केलं ना. आणि फरक ओळखायचा कसा हे घरच्यांनी जाणावं अशी अपेक्षाही नाही. पण माहिती म्हणून सांगतो.

मधुमेहाने नसा बिघडतात त्या लांबीनुसार: आधी पायाची बोटं, मग तळवा, मग घोटा, दोन्ही पायांत सारखंच, वर्षानुवर्षं सावकाश. पाय सैल आणि बधिर होतो, हातोडीला दाद देत नाही. मज्जारज्जूवर दाब आला की उलट पाय ताठ होतो, गुडघ्याचा झटका जोरात येतो, छाती-पोटाभोवती पट्टा आवळल्यासारखं वाटतं, लघवीची घाई होते. गोम अशी की १५ वर्षांच्या मधुमेह्यात दोन्ही एकत्र असू शकतं. घोट्याला काहीच झटका नाही आणि गुडघ्याला मात्र उडी. घाईत फक्त घोटा पाहिला तर 'न्यूरोपथी' लिहून मोकळे. तुमच्या दुसऱ्या डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारली हे नशीब.

मणक्याचा हा आजार पर्सिव्हल पॉट या शल्यविशारदाने १७७९ साली वर्णन करून ठेवलाय, त्याच्याच नावाने ओळखला जातो. कॉखने टीबीचा जंतू जाहीर केला १८८२ मध्ये. म्हणजे जंतू सापडायच्या शंभर वर्षं आधी लोकांनी पोखरलेला मणका आणि लुळे पाय यांची सांगड घातली होती. आपण एमआरआयच्या जमान्यात गादी बदलतो.

सुईदोरा

माझा अनुभव लिहिते. मधुमेह नऊ वर्षांचा, मानेतल्या गाठींचा टीबी तीन वर्षांपूर्वी.

शुगरचं सांगते, कारण माझी हीच रड होती. टीबीच्या चार गोळ्यांतली रिफॅम्पिसिन (लघवी केशरी करते ती) यकृताला इतकं कामाला लावते की ते दुसरी औषधंही भराभर फोडून टाकतं. माझी शुगरची गोळी ग्लिमेपिराइड म्हणजे नावालाच पोटात जात होती. आठवड्याभरातच आकडे चढायला लागले. मी आपली रोज जास्त चालतेय, कमी जेवतेय आणि आकडा तिथंच. डॉक्टर म्हणाले, अहो बाई, तुमची चूक नाही, गोळी रक्तात टिकतच नाहीये. इन्सुलिन सुरू केलं आणि तिसऱ्या दिवशी २०० च्या खाली.

दुसरं, तिसऱ्या महिन्यात मानेची गाठ लिंबाएवढी झाली. औषधं नियमित चालू असताना! मी रडून गोंधळ घातला. पुन्हा सुईने तपासलं, जंतू वाढला नाही. जंतू मरताना शरीराचीच प्रतिक्रिया उसळते आणि गाठ तात्पुरती फुगते, असं सांगितलं. दीड महिन्याने आपोआप बसली. त्या दिवसांत कोणाचं तरी ऐकून गोळ्या एक दिवसाआड घ्यायचा विचार आला होता. नाही घेतल्या ते बरं.

स्टेथोस्कोप

सुईदोरा यांनी माझं अर्धं काम केलं. भर घालतो.

रिफॅम्पिसिनचा हा परिणाम दोनेक आठवड्यांत पुरता चढतो. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, रिपाग्लिनाइड, पायोग्लिटाझोन, लिनाग्लिप्टिन अशा बऱ्याच गोळ्या त्याच्या तडाख्यात सापडतात. मेटफॉर्मिन यकृतात फुटत नाही, त्यामुळे वाचते. मूत्रपिंडं ठीक असतील तर चालू ठेवतात. इन्सुलिनलाही यकृताच्या या गडबडीशी देणंघेणं नाही, म्हणून अशा काळात तेच भरवशाचं. शिवाय कोणताही मोठा संसर्ग स्वतःच शुगर वर ढकलतो. इतका की मधुमेह नसलेल्यांचीही टीबीच्या सुरुवातीला वाढलेली दिसते आणि नंतर काहींची खाली येते.

उपचार चालू असताना एचबीएवनसी ८ च्या खाली राहिलं तरी पुष्कळ, ६.५ च्या हट्टाला पेटू नये. आणि टीबीत रक्त कमी झालेलं असतं तेव्हा एचबीएवनसी फसवूही शकतं. बोटाला टोचून घेतलेले आकडे जास्त खरे.

एक महत्त्वाचं: औषध संपलं की यकृत साधारण दोन आठवड्यांत मूळपदावर येतं. वाढवून ठेवलेला मधुमेहाचा डोस तेव्हा तसाच राहिला तर शुगर धाडकन खाली येते. आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेवा.

भाचीबद्दल: एकट्या मणक्याचा टीबी श्वासातून पसरत नाही. पण मधुमेह्याला खोकला नसतानाही फुप्फुसात काही असू शकतं, म्हणून छातीचा एक्स-रे आणि जमल्यास थुंकीची तपासणी झालीय ना हे बघा. ते स्वच्छ असेल तर भाचीला आजोबांच्या मांडीवर बसू द्या. तरी घरातल्या लहानग्यांची एकदा तपासणी करून घेतात.

पानगळ

एक्स-रे स्वच्छ आहे, थुंकी दोनदा तपासली, काही नाही. भाचीची तपासणीही झाली, ठीक आहे. आज ती मांडीवर बसली. बाबा इन्सुलिनला नाही म्हणत होते, सुईदोरा यांचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला.

गोगलगाय

माझ्या मावशीची गोष्ट जवळपास अशीच, फक्त जागा वेगळी. तिला सतत लघवीची जळजळ. मधुमेह, त्यामुळे 'लघवीत साखर जाते, इन्फेक्शन होणारच'. वर्षात पाच वेळा प्रतिजैविकं. रिपोर्टमध्ये पू पेशी भरपूर आणि कल्चरला दरवेळी 'जंतुवाढ नाही'. कोणीच थांबून विचारलं नाही की पू आहे तर जंतू का नाही. शेवटी एका मूत्ररोगतज्ज्ञांनी पहाटेची लघवी तीन दिवस ओळीने टीबीच्या कल्चरला पाठवली. डाव्या मूत्रपिंडाचा टीबी. मूत्रपिंड आता नावापुरतं उरलंय.

लॅबवाली

'पू आहे तर जंतू का नाही' हे वाक्य आमच्या प्रयोगशाळेच्या भिंतीवर लावायला हवं. टीबीचा जंतू साध्या कल्चरमध्ये उगवतच नाही. त्याला वेगळं माध्यम लागतं आणि आठवडे लागतात. द्रव माध्यमात सहा आठवडे वाट बघून मगच 'नाही' म्हणतात. वर मधेच लेव्होफ्लॉक्सासिनसारखी गोळी दिली गेली असेल तर ती टीबीलाही अर्धवट मारते. रुग्णाला बरं वाटतं, निदान आणखी लांबतं. त्यातून ही गोळी मधुमेह्यांची शुगरही वरखाली करते.

आता फॉर्मलिन. पानगळ, तुमचा राग रास्त आहे, मी हे दर महिन्याला बघते. तुकडा काढला की सवयीने हात फॉर्मलिनच्या बाटलीकडे जातो, कारण सूक्ष्मदर्शकाखाली पेशी बघायला तो लागतो. पण फॉर्मलिनमध्ये जंतू मरतो. मेलेल्या जंतूचं कल्चर होत नाही आणि जनुकीय चाचणीचीही माती होते. तुकड्याचे दोन भाग करायचे: एक फॉर्मलिनमध्ये, दुसरा निर्जंतुक सलाइनच्या दोन थेंबांत. पू असेल तर नुसत्या निर्जंतुक डबीत. कापसाच्या बोळ्यावर पुसून पाठवू नका, बोळ्याला लागतं किती आणि आम्हाला मिळतं किती! आत जाण्याआधी नातेवाइकांनी 'अर्धा सलाइनमध्ये ठेवणार ना?' एवढं विचारलं तर कोणी रागावत नाही. रागावलं तर रागावू दे.

फुप्फुसाबाहेरच्या टीबीत जंतू मुळातच विरळ असतात. कफात लाखोंनी सापडतात, मणक्याच्या तुकड्यात मोजके. जनुकीय चाचणीचं उत्तर दोन तासांत येतं आणि रिफॅम्पिसिन चालेल की नाही तेही कळतं, पण ती 'नाही' म्हणाली म्हणजे टीबी नाही असं होत नाही.

आणि एक गोष्ट खास मधुमेह्यांसाठी, कारण यात आम्ही एकदा फसता फसता वाचलो. मेंदूच्या आवरणाच्या टीबीचा संशय आला की पाठीतून पाणी काढतात. त्या पाण्यातली साखर टीबीत कमी होते. एका रुग्णाच्या रिपोर्टवर साखर ६५. छापील मर्यादा ४५ ते ८०, म्हणजे अगदी मधोमध. कोणीतरी शेजारी 'नॉर्मल' लिहून ठेवलं होतं. मी रक्ताची शुगर विचारली तर त्याच वेळची ३४०. पाठीच्या पाण्यातली साखर एरवी रक्ताच्या निम्म्याहून जास्त असते. शुगर फार चढलेली असताना हे प्रमाण थोडं घसरतं, पण ३४० ला ६५ म्हणजे पाचवा हिस्सासुद्धा नाही. कोणीतरी आत बसून साखर खातंय. वॉर्डात फोन केला, त्याच रात्री उपचार सुरू झाले. तेव्हा पाठीचं पाणी काढताना त्याच वेळी बोटाची शुगरही घेऊन लिहून ठेवायला सांगा. मधुमेह्याच्या बाबतीत त्या एका आकड्याशिवाय दुसऱ्या आकड्याला अर्थ नाही.

अर्धविराम

लॅबवाली, हा प्रतिसाद छापून ठेवतोय.

तिसरी_घंटा

माझं गणित चुकलं, मान्य. पण मग एक विचारतो. फुप्फुसाबाहेरचा टीबी मधुमेहात वाढत नसेल तर एवढा लांबलचक धागा कशाला? फुप्फुसाचीच काळजी करू.

स्टेथोस्कोप

कारण 'वाढत नाही' म्हणजे 'होत नाही' असं नव्हे. जगभरात नोंद झालेल्या टीबीच्या साधारण सहा रुग्णांमागे एकाचा फुप्फुसाबाहेरचा असतो, आणि त्यात मधुमेहीही असतातच. फुप्फुसाचा असला तर खोकला ओरडून सांगतो. बाहेरचा मुका असतो, आणि मधुमेह त्याच्या तोंडावर आणखी एक हात ठेवतो. छातीत पाणी झालं तर 'मूत्रपिंडं थकली असतील' किंवा 'हृदय मोठं झालं असेल'. पायाच्या हाडात झाला तर 'डायबेटिक फूट'. खांदा आखडला तर 'शुगरवाल्यांचा खांदा आखडतोच'. यातलं प्रत्येक वाक्य दहापैकी नऊ वेळा खरं असतं, म्हणून तर दहाव्या वेळी फसवतं.

आणि सुरुवात सारखी असली तरी शेवट सारखा नाही. २०११ मध्ये जुन्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात टीबीच्या उपचारांदरम्यान मधुमेह्यांचा मृत्यूचा धोका जवळपास दुप्पट निघाला, आजार उलटण्याचा त्याहून जास्त. त्यातले बहुतेक रुग्ण फुप्फुसाचे होते हे खरं. पण मज्जारज्जूवर किंवा मेंदूच्या आवरणात आजार असताना उशिराची किंमत कमी नसते. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने टीबीच्या प्रत्येक रुग्णाची शुगर तपासा असं सांगितलं. त्यात फुप्फुसाचा-बाहेरचा असा भेद नाही.

अवांतर, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या छोट्या अधिवृक्क ग्रंथींनाही टीबी होतो. थॉमस ॲडिसनने १८५५ मध्ये त्या ग्रंथी निकामी होण्याचा आजार वर्णन केला, तेव्हा त्याच्या रुग्णांत टीबीचे बरेच होते. मधुमेह्यात याची खूण विचित्र असते: शुगर सुधारायला लागते! इन्सुलिन कमी-कमी लागतं, सारखी उतरते, सोबत वजन घटतं, थकवा येतो, उभं राहिलं की चक्कर, कातडी काळवंडते. घरचे खूष, डॉक्टरही खूष. अशा रुग्णाला रिफॅम्पिसिन दिलं की या ग्रंथींतून येणारं उरलंसुरलं कॉर्टिसोल हे संप्रेरकही यकृत फोडून टाकतं आणि माणूस एकाएकी कोसळू शकतो. विनाकारण सुधारलेली शुगर मला बिघडलेल्या शुगरइतकीच अस्वस्थ करते.

काठावरचा

गोळ्यांच्या त्रासाबद्दल कोणी लिहिलं नाही. मला मधुमेह आणि पोटाचा टीबी. आयसोनियाझिडने नसा बिघडू शकतात, त्यात मधुमेहाच्या नसा आधीच अर्ध्या गेलेल्या, म्हणून बी६ ची छोटी गोळी रोज देतात. ती मला दोन महिने कोणी दिलीच नव्हती. तळवे पेटायचे, आणि उत्तर काय? बरोबर ओळखलंत. शुगर.

एथॅम्ब्युटॉलने डोळ्यांवर परिणाम होतो, लाल-हिरवा रंग मिसळायला लागतो. मधुमेहाने पडदा आधीच खराब असेल तर नवं काय नि जुनं काय हे कळत नाही, म्हणून गोळ्या सुरू होण्याआधीच डोळे तपासून नोंद ठेवलेली बरी. आणि क्रिएटिनिन फार वाढलेलं असेल (मूत्रपिंडं थकलेली असतील) तर ही गोळी रोज न देता आठवड्यातून तीनदा देतात. माझ्या बाबतीत तसंच केलं.

सुईदोरा

+१. डोळ्यांचं मलाही कोणी सांगितलं नव्हतं. मी रोज सकाळी एका डोळ्यावर हात ठेवून दारातला लाल डबा बघायचे. वेडेपणा वाटेल, पण सवय झाली होती.

गोगलगाय

स्टेरॉइडबद्दल कोणी लिहाल का? मावशीच्या शेजारच्या खाटेवरच्या बाईंना मेंदूचा टीबी होता, त्यांना शुगर असूनही स्टेरॉइड देत होते. नातेवाईक बंद करा म्हणून भांडत होते.

स्टेथोस्कोप

भांडू नये. मेंदूच्या आवरणाच्या टीबीत स्टेरॉइडने जीव वाचतात, हृदयाच्या आवरणाच्या टीबीतही पुष्कळदा देतात. शुगर वाढणार हे गृहीत धरून द्यायचं आणि इन्सुलिनने सांभाळायचं. सकाळी प्रेडनिसोलोन घेतलं तर शुगर दुपार-संध्याकाळी चढते आणि उपाशीपोटीची जवळपास नेहमीसारखी येते. म्हणून फक्त सकाळचा आकडा बघून समाधान मानू नका, संध्याकाळीही टोचा.

पानगळ

*(सात महिन्यांनंतर)*

धागा वर काढतेय. बाबा आता काठीशिवाय चालतात. जिना उतरताना कठडा लागतो. गाठींच्या टीबीला सहा महिने पुरतात, पण मणक्याला बारा सांगितलेत. बी६ चालू आहे, डोळे दोनदा तपासले. दुसऱ्या तुकड्याच्या कल्चरमध्ये जंतू उगवला, सगळी औषधं लागू आहेत. लॅबवाली, अर्धा सलाइनमध्ये ठेवायचं हे मी स्वतः बाहेर उभं राहून तीनदा सांगितलं होतं!

मुंग्या मात्र आहेत. आता त्या खरोखर शुगरच्या आहेत असं म्हणतात. मी दर महिन्याला गुडघ्यावर हातोडी मारायला लावते.

लॅबवाली

वा! मस्तच.

पानगळ

*(आणखी चार महिन्यांनंतर)*

गेल्या महिन्याच्या शेवटी टीबीच्या गोळ्या संपल्या. स्टेथोस्कोप, कॅलेंडरवर लिहिलं होतं. तरी गोळ्या संपल्याच्या आनंदात पान उलटलंच नाही. ग्लिमेपिराइड दुप्पट केलेली तशीच, रात्रीचं इन्सुलिन २२ युनिटं तसंच.

अकराव्या रात्री बाबा घामाने चिंब. पोटात गोळा आला, पहिला विचार, परत आला. दुसरा विचार ग्लुकोमीटर. ५८.

ग्लुकोज दिलं, पंधरा मिनिटांनी ८८, मग १२०. सकाळी डॉक्टरांना फोन. ग्लिमेपिराइड पहिल्यासारखी एक, इन्सुलिन १४ वर आणलं, आणि आठवडाभर पहाटे ३ ला शुगर बघायला सांगितलीय.

स्टेथोस्कोप

१४ सुद्धा कदाचित जास्त होईल. पहाटेचा आकडा १०० च्या खाली दिसला तर लगेच कळवा त्यांना, आठवडा संपायची वाट बघू नका. एमआरआय परत कधी आहे?

पानगळ

पुढच्या मंगळवारी. आज पहाटे ११२.